वरची शिदोरी

ही गोष्ट मी सांगायला नको होती. आम्हाला चढाई शिकवणाऱ्या ताईंनी ती काल सांगितली आणि वर बजावले, "बाहेर बोलायचे नाही." गोष्टीतली शिष्या कोण, हे आम्ही न सांगता ओळखले होते. पण सकाळपासून ती गोष्ट मनातून जात नाही, म्हणून लिहिते.

एकदा एक वृद्ध वाटाड्या वाळवंटातल्या राखीव रानात राहत असे. तिथे लाल दगडाचे उंच सुळके होते. लोकांना दोराने वर नेऊन सुखरूप खाली आणणे, हेच त्याचे जीवितकार्य. त्याच्याजवळ एक अबोल शिष्या शिकत होती.

एके दिवशी एक व्यापारी आला. "परवा सकाळी मला मोठ्या सुळक्यावर न्या. दुपारी माझा तांडा निघतो, पुन्हा येणे नाही."

गुरू शिष्येला म्हणाले, "या खेपेची सगळी तयारी तू कर."

त्याच संध्याकाळी अवकाळी पाऊस कोसळला. दुसऱ्या दिवशी कडक ऊन पडले. शिष्येने दोराचा पेड न् पेड तपासला, पाण्याच्या चामडी पिशव्या भरल्या. सूर्य माथ्यावर आला की जिथे असू तिथून परत, असे ठरवले. कोण कुठे जाणार आणि केव्हा परतणार, हे रानाच्या राखणदाराला सांगून ठेवले. तरी तिची भीती काही गेली नाही. एका दोरावर तीन जीव, आणि चूक झाली तर ती तिची.

निघताना रिवाजाप्रमाणे शिदोरी सर्वांत लहान म्हणून तिच्याच पाठीवर आली. ती माथ्यावर पोचल्यावरच सोडून खायची असते.

पायथ्याशी दोर पसरताना तिची बोटे वाळूत रुतली. वरची वाळू तापलेली. खालची मात्र गार आणि ओली. तिने ती ओली वाळू मुठीत घेतली. तिने गुरूंकडे पाहिले. ते आभाळाकडे पाहत होते.

"काय गं मुली, दोर बांधतेस की मुहूर्त काढतेस?" व्यापारी म्हणाला.

तिने मुठीतली वाळू खाली टाकली आणि पहिली गाठ मारली.

तोच गुरूंनी तिच्या पाठीवरची शिदोरी काढून घेतली, मांडी घातली आणि भाकरी मोडली.

"गुरुजी, ती वरची आहे," ती पुटपुटली.

व्यापारी हसला. "म्हातारबुवा, चढायच्या आधीच भूक?"

"लागली खरी. शिदोरी सुटली की त्या दिवशी आम्ही चढत नाही, शेटजी. बसा, चटणी झकास झाली आहे."

"आणि माझा तांडा?"

गुरू उठले. छातीच्या उंचीवरचा सुळक्याचा एक दांडगा कंगोरा त्यांनी दोन्ही हातांनी धरला आणि अंगाचा भार टाकला. दगड भुसभुशीत होऊन हातात आला. व्यापाऱ्याने मांडी घातली आणि भाकरी घेतली.

मग गुरू शिष्येला म्हणाले, "हा दगड वाळूचाच. पाऊस प्यायला की वरून लवकर वाळतो, आतून मात्र कच्चाच राहतो. तुला ते कळले होते. तुझ्या मुठीतली वाळू मी पाहिली."

"तुम्ही काही बोलला नाहीत, म्हणून मला वाटले…"

"मी तुझी वाट पाहत होतो. तू गाठ मारलीस, तेव्हा मला भूक लागली." त्यांनी भाकरीचा तुकडा तिच्या हातात ठेवला. "पोरी, शिदोरी सर्वांत लहानाच्या पाठीवर का देतात? ओझे वाहायला नव्हे. मोठ्यांपुढे लहानाची जीभ उचलत नाही, हे आपल्या वाडवडिलांना ठाऊक होते. जो शिदोरी वाहतो त्याने ती हवी तिथे सोडावी. कारण कुणी विचारायचे नाही. तू दोर पाहिलास, पाणी पाहिलेस. तुझी भीती तेवढी तयारीत धरली नाहीस."

शिष्येने खाली पाहिले. तिने टाकलेली वाळू ढेकूळ होऊन पडली होती. त्यावर तिच्या चार बोटांचे ठसे अजून तसेच होते.

आज आम्हीही सुळक्याच्या पायथ्याशी आहोत. परवा इथे पाऊस झाला. आता ऊन लख्ख आहे, वाळूचे चटके बसतात. मी मघाशी कोपरापर्यंत हात घालून पाहिला, तर खाली गार, ओली वाळू लागली. आमच्यात मी सर्वांत लहान, म्हणून शिदोरी माझ्या पाठीवर. ताई आभाळाकडे पाहत उभ्या आहेत. "चल गं, दोर बांधू," त्यांनी हाक मारली आहे, आणि मी शिदोरीची गाठ सोडते आहे.