कोळ्याचं चमचमतं कोठार

पोरांनो, जंगलाची खडान्‌खडा माहिती माझ्याइतकी कुणालाच नाही. आता मी तिथे कधी पाऊल टाकलेलं नाही, ही गोष्ट निराळी. तर त्या जंगलात, ओढ्यावर वाकलेल्या एका उंबरावर, एक कोळी बिऱ्हाड करून होता. त्याने असं जाळं विणलं होतं, की बघणाऱ्याने बघतच राहावं. रानातल्या कुणीही आपल्या बिया त्याच्याकडे द्यायच्या, तो त्या रेशमात गुंडाळून वर टांगी. भूक लागली की जंगलात कुठूनही आपला धागा ओढायचा, पुडी घसरत थेट दारात. सकाळी थेंबांवर ऊन पडलं की सारं जाळं पेटल्यासारखं झळके. गवा रवंथ विसरे. मोर आपला पिसारा गुपचूप मिटून घेई. तुम्हीही तोंड मिटा, माशी जाईल.

एक खार पिल्लांसाठी जमवलेली सगळी चारोळी घेऊन आली. पावसाळाभर तेवढ्यावरच भागवायचं होतं. “या, खारूताई!” कोळी साऱ्या रानाला ऐकू जाईल असा गरजला. “इथे उंदीर नाही, ओल नाही. नुसता धागा ओढा.” मग त्याने पायांनी मुख्य दोर चाचपला. कोळ्याला सगळं पायांनीच कळतं. जाळ्याचा भार पेलणारी फांदी आतून पोखरली होती आणि तिची करकर त्याला रोज जाणवत होती. म्हणून तर स्वतःच्या माश्या त्याने पलीकडच्या हिरव्या फांदीला बांधल्या होत्या. आता तो तोंडातल्या तोंडात, एका दमात पुटपुटला, “फांदीवाळकीआहेवाऱ्यातमोडलीतरमीजबाबदारनाहीकबूलना?”

खार वर बघत होती. “हो हो,” तिने मान डोलावली. “केवढं बाई चमकतंय हे.”

पुढे वळवाचा वारा सुटला. फांदी कडाडली आणि जाळं पुड्यांसकट ओढ्यात गेलं. वाहत जातानाही ते इतकं सुंदर दिसत होतं, की काठावर कुणाला ओरडायचंसुद्धा सुचलं नाही. खारीने आपला धागा ओढला. हातात नुसता धागाच आला. मागे पिल्लं चोची नसलेल्या पाखरांसारखी तोंडं उघडून बसली होती.

हिरव्या फांदीवरून कोळी म्हणाला, “मी तर आधीच सांगितलं होतं.”

तात्पर्य : कोळी म्हणतो, “मान डोलवण्याआधी कान द्यावा.” खार म्हणते, “फायदा ज्या आवाजात सांगितलात, धोकाही त्याच आवाजात सांगायचा असतो, कोळीदादा. आणि त्याहीआधी, तुमच्या माश्या कुठे बांधल्यात ते.”