कड्यापलीकडचा ढोल

त्या वर्षीचा चातुर्मास श्रीविमलगिरी महाराजांनी हिमालयात, देवलखाल नावाच्या गावी केला. गाव ते कसलं! डोंगराला चिकटलेली तीस-बत्तीस घरं, वर देवदारांचं रान आणि मधोमध भगवतीचं दगडी देऊळ. देवळाच्या ओट्यावर महाराजांचं आसन असे. कुणी आणून देईल ती नाचणीची भाकरी घ्यावी आणि जपाला बसावं, असा त्यांचा दिवस.

भाद्रपद शुद्ध अष्टमीला तिथली जत्रा भरते ती गावात नव्हे, वर डोंगरमाथ्यावरच्या कुरणात. भगवतीची डोली खांद्यावर घेऊन सारं गाव सकाळी निघतं आणि डोलीच्या पुढे चालतो तो ढोल. वाट ढोलानं सांगायची, ही त्या मुलखाची रीत. चढणीचा ठेका वेगळा, उतरणीचा वेगळा, ओढा ओलांडायचा आणखी वेगळा. एक ठेका तर असा, की तो कानी पडला की उचललेलं पाऊलसुद्धा पुढे टाकायचं नाही. तिथे धुकं असं उतरतं की आपलाच हात आपल्याला दिसू नये. मग डोळ्यांचं काम कानांनी करायचं.

चाळीस वर्षं हा ढोल मंगसीरूच्या गळ्यात होता. जातीनं ढोली, घर गावाबाहेर, देवळाच्या पायऱ्या चढायची मुभा नाही. पण अष्टमीला देवी आपल्या मागून चालते, एवढ्या सुखावर तो वर्ष काढायचा. त्या माघात त्याचा उजवा हात लुळा पडला. आणि नेम असा होता, की ज्या वर्षी त्या घराच्या ढोलावाचून डोली माथ्यावर पोचेल, त्या वर्षी त्या घराची सेवा संपली. कायमची.

अष्टमीच्या सकाळी मंगसीरू ढोल घेऊन आलाच. बायको सतेश्वरीनं ढोलाची दांडी त्याच्या मुठीत फडक्यानं बांधली होती. त्यानं खांद्यापासून हात झटकला, पण दांडी चामड्यावर नुसतीच घसरली.

"अरे मंगसीरू, देवीला जागवतोस की ताक घुसळतोस?" गावचे मुखिया, पधान गजेसिंह, ओरडले. सगळे हसले. "हो बाजूला! शहरातून बँड आणलाय मी. लाल कोट, पितळी वाजंत्री. दहा गावं बघत राहतील."

"ठाकूरसाहेब, बँड मागून वाजू दे की. त्यांना वाट सांगता येत नाही."

"वाट मला ठाऊक आहे. लहानपणापासून चढतोय."

"ह्यांच्याच ढोलामागून चढलात," सतेश्वरी पुटपुटली.

महाराजांनी जप थांबवला. "पधानजी, वाजंत्री शोभेला असते. ढोल पायांसाठी असतो."

"बाबाजी, आपण माळ ओढा. जत्रेचं आम्ही बघतो."

आणि लग्नाचं गाणं वाजवत बँड निघाला! डोली मागून गेली. मंगसीरू ओट्याखाली मटकन बसला आणि लहान मुलासारखा रडू लागला.

महाराज ओटा उतरून त्याच्याशेजारी जमिनीवर बसले. "हात गेला, जीभ आहे ना? डोळे मीट आणि चालायला लाग. कुठे काय वाजवायचं ते तोंडानं बोल."

"त्यानं काय होणार, बाबाजी?"

"देवी निघाली आहे. तिच्यापुढे चालायचं नाही का तुला?"

मंगसीरूनं डोळे मिटले आणि बोल म्हणू लागला. महाराज दोन बोटांनी आपल्या गुडघ्यावर हलकेच ठेका धरत होते, बस, इतकंच. ढोल सतेश्वरीनं मघाच खोळीत बांधून भिंतीशी टेकवला होता.

"आता ओढा आला... आता चढण... दमानं, डोलीवाल्यांना धाप लागते इथं..." बराच वेळ असा गेला. मग एकाएकी तो ताठ झाला. "थांबा! इथं डावीकडे वळायचं. समोर कडा आहे!" आणि त्यानं थांबायचा बोल इतक्या मोठ्यानं म्हटला की सतेश्वरी दचकली.

त्याच घटकेला वर काय घडत होतं?

धुकं दाट उतरलं होतं. बँडवाले घाबरून मागे सरले होते आणि पधान अंदाजानं पुढे चालत होते. तोच ढोल घुमला. थांबायचा ठेका! चारही डोलीवाल्यांचे पाय जागीच खिळले.

"कोण वाजवतंय रे? चला म्हणतो ना मी!" पधानांनी पाऊल टाकलं आणि पायाखाली काही लागलंच नाही. पुढच्या डोलीवाल्यानं कमरेचा शेला धरून त्यांना मागे खेचलं. एक दगड सुटला. तो खाली पोचल्याचा आवाज काही आला नाही.

ढोल अजून वाजतच होता. वाऱ्यानं धुकं क्षणभर फाटलं आणि सगळ्यांच्या अंगावर काटा आला. आवाज येत होता समोरून, कड्याच्या पलीकडून, जिथे जमीनच नव्हती!

डोली तिथेच गवतावर टेकली, ती काही केल्या उठेना. दुपार कलायच्या आत पधान दोघांना घेऊन धावत खाली आले. चेहरा राखेसारखा झालेला.

"ढोल घेऊन वर कोण आलं होतं?"

"कोण येणार?" सतेश्वरी म्हणाली. "हे काय, इथंच बसलेत. तुम्ही निघालात तेव्हा मी ढोल खोळीत बांधला, तेव्हापासून गाठसुद्धा सुटलेली नाही."

पधानांनी गाठ चाचपून पाहिली. तेवढ्यात सतेश्वरीची नजर महाराजांच्या उजव्या हाताकडे गेली आणि ती किंचाळली. अंगठा आणि बोट यांच्यामधली कातडी फाटली होती, फोड फुटून रक्त मनगटापर्यंत ओघळलं होतं.

"ही दांडीची जखम आहे! चाळीस वर्षं हिलाच तूप-हळद लावत आले मी. बाबाजी, तुमच्या हातात तर दांडीच नव्हती!"

महाराजांनी हात छाटीखाली घेतला. "अगं, सवय नाही ना मला," एवढंच ते म्हणाले.

मग काय विचारता! पधानांनी धाडकन महाराजांचे पाय धरले. महाराजांनी पाय मागे घेतले.

"हात तेवढा माझा होता, पधानजी. वाट त्याची होती."

पधान वळले. सारा जन्म ज्या माणसाला त्यांनी पायरीखाली उभं केलं होतं, त्याच्यासमोर गुडघे टेकून त्यांनी हात जोडले. "काका, चला. तुमच्याशिवाय आई उठत नाही."

"येतो, ठाकूरसाहेब. पण माझा हात?"

"हात माझा घ्या. तुम्ही बोला, मी वाजवतो."

"चुकाल हो," सतेश्वरी डोळे पुसत म्हणाली.

"चुकलो तर काका रागावतील. मी ऐकून घेईन."

मंगसीरूनं डाव्या हातानं ढोलाचा पट्टा उचलला. पधान सहा फूट उंच, त्याचा हात तिथवर पोचेना. तेव्हा गजेसिंह पधानांनी देवळाच्या पायरीशी, सगळ्यांदेखत मान खाली वाकवली, आणि पट्टा गळ्यात पडेपर्यंत ती तशीच वाकवून ठेवली.