हिरव्या पट्टीचे प्रवासी

एका विमानतळाच्या कुंपणाला लागून एक गाव होतं, आणि त्या गावात केरबा नावाचा एक भोळा माणूस राहत होता. सांगितलेलं काम तो मन लावून करायचा. एवढाच त्याचा दोष होता.

त्याला विमानतळावर नोकरी लागली. ज्यांना चालवत नाही, दिसत नाही, ऐकू येत नाही, अशा प्रवाशांना विमानापर्यंत पोचवायचं काम. तिथल्या मुख्य होत्या नलूताई. त्यांनी चाकांची एक खुर्ची केरबाच्या ताब्यात दिली आणि सांगितलं, "एक लक्षात ठेव. प्रवासी हो म्हणत नाही तोवर त्याला किंवा त्याच्या खुर्चीला हात लावायचा नाही. आधी विचारायचं."

"विचारीन," केरबा म्हणाला.

थोड्या वेळाने त्याला एक आजोबा दिसले. चाकांच्या खुर्चीत बसून पेपर वाचत होते. खुर्ची उताराच्या तोंडाशी होती आणि हळूहळू घरंगळायला लागली होती. केरबा धावला. बाजूने पळत त्याने विचारलं, "आजोबा, धरू का?"

आजोबांनी पान उलटलं. खुर्चीने वेग घेतला. केरबानेही घेतला.

"आजोबा, धरू का? की राहू दे?"

तोवर आजोबा उशांच्या दुकानात पोचले होते. उशांच्या ढिगातून त्यांनी डोकं बाहेर काढलं, कानाला यंत्र लावलं आणि विचारलं, "काही म्हणालास का रे?"

नलूताईंनी कपाळाला हात लावला. "अरे, ज्यांना ऐकू येत नाही त्यांच्याशी तोंडाने बोलून काय उपयोग? हातवारे करून सांगायचं."

"करीन," केरबा म्हणाला.

पुढचे प्रवासी एक गुरुजी होते. डोळ्यांवर काळा चष्मा, हातात पांढरी काठी. केरबा त्यांच्यापुढे उभा राहिला. त्याने डावीकडे हात केला, मग उजवीकडे केला. विमान कसं उडतं तेही दोन्ही हात पसरून दाखवलं.

बऱ्याच वेळाने गुरुजी म्हणाले, "कुणी आहे का इथे?"

केरबाने जोरात मान हलवली.

"नसावं," असं म्हणून गुरुजी काठी टेकत एकटेच निघाले. आणि पोचलेही.

"अरे बाबा," नलूताई म्हणाल्या, "दिसत नाही त्यांना तोंडाने सांगायचं. समोर काय आहे, बाजूला काय आहे, सगळं. काही गाळायचं नाही."

"नाही गाळणार," केरबा म्हणाला.

संध्याकाळी यमूआत्या आल्या. दिसायला ठणठणीत. पण एका मोठ्या आजारातून उठल्यापासून गोंगाट झाला की त्यांचं डोकं गरगरायचं आणि डोक्यातले शब्द पळून जायचे. म्हणून त्यांच्या गळ्यात सूर्यफुलं छापलेली हिरवी पट्टी होती, न दिसणारा त्रास असलेल्या प्रवाशांना विमानतळावर देतात ती. आणि आज तर एक शब्द पळून चालणारच नव्हता. उद्या सकाळी नागपुरात त्यांच्या भावाच्या मुलीचं बारसं होतं. नाव आत्यानेच ठेवायचं, आणि ते त्यांनी अजून कुणालाही सांगितलं नव्हतं. आजचं शेवटचं विमान चुकलं, किंवा नाव विसरलं, तर पोरगी बिननावाची राहणार होती. आत्या ते नाव ओठातल्या ओठात घोळवत होत्या.

केरबा शेजारून चालू लागला. "आत्या, समोर भिंत आहे. भिंतीवर घड्याळ आहे. डावीकडे एक मूल रडतंय. आता दुसरंही रडायला लागलं. उजवीकडचे काका घोरतायत. त्यांचा एक मोजा फाटलाय."

"भाऊ, पुरे हो," म्हणत आत्या कान झाकून मटकन खाली बसल्या.

नलूताई धावत आल्या. आत्यांना त्यांनी एका शांत खोलीत नेऊन बसवलं आणि केरबाला बाहेर घेतलं. "ज्यांच्या गळ्यात हिरवी पट्टी असते ना, ते दिसतात धडधाकट, पण त्यांचा त्रास आत असतो. त्यांना प्रश्न विचारायचे नाहीत. इथे आणून बसवायचं, दार लावायचं, आणि ते शांत होईपर्यंत उघडायचं नाही. कळलं?"

"कळलं," केरबा म्हणाला.

नलूताई दुसऱ्या कामाला गेल्या, तेवढ्यात समोरून एक साहेब आले. पांढरा सदरा, खांद्यावर सोनेरी पट्टे, दिसायला अगदी धडधाकट. गळ्यात ओळखपत्राची हिरवी पट्टी. तिच्यावर फुलं नव्हती, पण फुलंही आतच असतील, असं केरबाला वाटलं. साहेब फोनवर बोलत होते, "हो, हो."

हो म्हणाले म्हटल्यावर केरबाने मागून खुर्ची लावली. साहेब धपकन बसले. बोलणं संपायच्या आत ते खोलीत होते आणि बाहेरून कडी लागली होती.

"दार उघड! मला विमान उडवायचंय!" साहेबांनी दारावर धक्के मारले. अजून शांत झाले नाहीत, हे केरबाला ओळखू आलं. तो दाराला पाठ लावून उभा राहिला.

आतून यमूआत्यांचा आवाज आला. "बसा हो भाऊ. माझंही असंच होतं. तुमचं विमान कुठलं?"

"नागपूरचं."

"माझंही तेच. गेलं असेल का हो?"

"नाही, आत्या."

"कशावरून?"

"मी इथे आहे ना."

शेवटी नलूताईंनी दार उघडलं. साहेबांना शोधत हाका मारून मारून त्यांचा आवाज बसला होता. "केरबा, आत्यांना विमानात ने. सगळ्यात शांत जागी बसव. दुसरं काही करू नकोस."

खोळंबलेल्या प्रवाशांनी पायलटसाहेबांना विमानाच्या दारातच घेरलं. सहवैमानिक त्यांना शोधायला केव्हाचा बाहेर गेला होता. केरबाने आत्यांसाठी सगळं विमान पाहिलं. मागे पोरं रडत होती, मध्ये माणसं भांडत होती. अगदी पुढे मात्र एक छोटी खोली होती. रिकामी, दार असलेली. कान झाकायला हेडफोनसुद्धा होते, तोंडापुढे माइक असलेले. त्याने ते आत्यांना घातले. "कुणी ठोठावलं तरी उघडू नका," असं सांगून तो बाहेर आला.

साहेब एकदाचे सुटून पुढे आले. दार आतून बंद.

"आत कोण आहे?" त्यांनी विचारलं.

केरबा काही बोलायच्या आत विमानातल्या सगळ्या स्पीकरमधून आत्यांचा आवाज आला. "कुर्रर्र... शाल्मली. आठवलं बाई." सगळं विमान गप्प झालं. आता आत्या विसरल्या असत्या तरी सांगायला दीडशे माणसं होती. "फार शांत आहे हो इथे. खिडकीही मोठी आहे. आता चालवणाऱ्या भाऊंना म्हणावं, निघा."

केरबाने साहेबांकडे पाहिलं आणि न विचारता विमानाच्या दाराशी ठेवलेली खुर्ची पुढे केली.

या वेळी साहेब आपणहून बसले.