पाझरणाऱ्या घागरी

घाटाच्या पायथ्याला एक गाव होतं. त्या गावात नारोजी नावाचा तांबट राहत होता. त्याच्या हातच्या तांब्याच्या घागरी आसपासच्या घराघरांत होत्या.

त्याचा कारखाना म्हणजे एक लांब पडवी आणि मागे अंगण. पडवीत बसून नारोजी पत्रा ठोकून घागरीचा तळ आणि वरचा भाग घडवी. अंगणात सखोबा भट्टीवर ते दोन भाग झाळून जोडी. पडवीच्या पार दुसऱ्या टोकाला अनसूबाई चिंचेने घागर घासून लखलखीत करी.

नारोजीला ढीग आवडत. "ढीग दिसला की काम झाल्यासारखं वाटतं," असं तो म्हणे. म्हणून आधी सगळे तळ व्हायचे, मग सगळे वरचे भाग. तोवर सखोबा रिकामा बसे. मग सगळा ढीग अंगणात जाई आणि अनसूबाई वाट पाहत बसे. सांधा जोडताना लागणारा टाकणखारसुद्धा नारोजीने स्वस्त मिळाला म्हणून एकदम तीन गोण्या भरून आणला होता. गोण्या अंगणाच्या कोपऱ्यात पडून होत्या.

एका वर्षी घाटावरच्या वाडीची विहीर आटली. वाडीच्या पाटलीणबाई खाली आल्या. म्हणाल्या, "आता ओढ्यावरून पाणी न्यावं लागणार. चाळीस घागरी हव्यात. शिमग्याला महिना आहे. त्याआधी द्या, पुढे ऊन सोसवत नाही."

"चाळीस कशाला? साठ करतो," नारोजी म्हणाला. "उरलेल्या कुणीतरी नेईलच."

पंधरा दिवसांनी जोडलेल्या साठ घागरींचा ढीग अनसूबाईपुढे आला. तिसरी घागर धुताना तिला सांध्यावर ओल दिसली. तिने फडक्याने पुसली. थोड्या वेळाने ओल पुन्हा आली. ती उठून नारोजीकडे गेली.

"मालक, सांधा पाझरतोय असं वाटतं. पाणी भरून बघू या का?"

नारोजीने मान वर केली नाही. "अनसूबाई, तुमचं काम घासायचं. हात थांबवू नका. अजून किती राहिल्यात बघा."

अनसूबाई परत जागेवर गेली. तिने साठही घागरी घासल्या.

शिमग्याला बारा दिवस असताना वाडीच्या बाया घागरी न्यायला आल्या. घागरी सोन्यासारख्या चमकत होत्या. बायांनी त्या ओढ्यावर भरल्या, डोक्यावर घेतल्या आणि चढ चढू लागल्या. कौतुक ऐकायला नारोजीही बरोबर निघाला.

पहिल्या वळणावर एकीचा खांदा भिजला. तिला वाटलं, पाणी हिंदकळलं असेल. दुसऱ्या वळणापर्यंत सगळ्यांचीच लुगडी ओली झाली होती. वाडीत पोचल्यावर पाहिलं, तर एकही घागर अर्धीसुद्धा राहिली नव्हती.

पाटलीणबाई रागावल्या नाहीत. त्यांनी सगळ्या घागरींतलं उरलेलं पाणी रांजणांत ओतवलं. मग दमून बसलेल्या बायांना म्हणाल्या, "उठा ग. आपल्या जुन्या घागरी घ्या. पुन्हा जायला हवं."

नारोजीला एखादीने चार शब्द सुनावले असते तर बरं वाटलं असतं. तो मान खाली घालून घाट उतरला.

घरी येऊन त्याने सखोबाला विचारलं, "सांधे कसे सुटले?"

सखोबाने गोणीतून मूठभर टाकणखार आणून त्याच्यापुढे धरला. खार ओलसर होता, त्यात माती मिसळली होती. "चार पावसाळे गोण्या उघड्यावर होत्या," तो हळूच म्हणाला. "मला जे मिळालं ते मी वापरलं." आणि आता बोलणी खावी लागणार म्हणून तो मान खाली घालून उभा राहिला.

सखोबावर सगळं ढकलणं सोपं होतं. गावानेही ते मानलं असतं. पण नारोजी म्हणाला, "गोण्या मी आणल्या. मीच तिथे टाकल्या. तुझा दोष नाही." तो अनसूबाईकडे वळला. "बाई, तुम्ही सांगत होतात. मी ऐकलं नाही."

अनसूबाई म्हणाली, "ऐकलं असतंत तर बायांचा एक चढ वाचला असता, मालक. पण तोवर साठही जोडून झाल्या होत्या. पहिली घागर जोडल्या जोडल्या माझ्याकडे आली असती, तर एकीवरच भागलं असतं."

दुसऱ्या दिवशी नारोजीने भट्टी अंगणातून पडवीच्या तोंडाशी आणली. तिघं जवळजवळ बसले. ताजा टाकणखार आला, लागेल तेवढाच. वाडीवर गेलेल्या घागरी परत आणवून साठही घागरींचे सांधे उकलले. चाळिसांचं तांबं पुन्हा घडवायला घेतलं, विसांचं बाजूला ठेवलं. एक घागर ठोकून झाली की लगेच सखोबाकडे. जोडून झाली की लगेच अनसूबाईकडे. ती आधी पाणी भरून ठेवी, आणि बाहेरून कोरडी राहिली तरच घासायला घेई.

नवव्या घागरीला तळाशी थेंब दिसला. अनसूबाईने घागर उचलली, पण बोलायला कचरली. शिमगा आठ दिवसांवर आला होता. सांधा पक्का होता. तळ पातळ झाला होता, आणि तळ नारोजी स्वतः ठोकत असे. सखोबाही भट्टीवरून वळून पाहू लागला.

नारोजीनेही थेंब पाहिला आणि त्याच्या कपाळावर आठी उमटली. हातोडी हातातच होती. क्षणभराने त्याने ती खाली ठेवली.

"थांबा सगळे. माझंच काहीतरी चुकतंय."

त्याने ऐरण हाताने चाचपली. तिची एक कड उडाली होती आणि तिथेच पत्रा झिजत होता. कड घासून सारखी करण्यात अर्धा दिवस गेला. ती झाल्यावर नारोजी म्हणाला, "अनसूबाई, असंच थांबवत जा. मी कुरकुरलो तरी थांबवा."

शिमग्याला दोन दिवस असताना चाळीस घागरी तयार झाल्या. पाटलीणबाईंनी प्रत्येक घागर आपल्यासमोर भरून पाहिली. एकही पाझरली नाही.

"इतक्या थोड्या दिवसांत?" त्यांनी विचारलं. "नवी माणसं ठेवलीत की काय?"

"माणसं हीच तीन," नारोजी म्हणाला. "आधी आम्ही चूक साठदा करत होतो. आता पहिल्यांदा झाली की थांबतो."

मग त्याने भरलेली एक घागर स्वतःच्या खांद्यावर घेतली आणि बायांबरोबर घाट चढू लागला.

तात्पर्य: लागेल तेवढंच घडवावं, पुढच्या हाती देण्याआधी पारखावं आणि चूक दाखवणाऱ्याचं तिथल्या तिथे ऐकावं, त्याने माल वाचतो आणि माणसांचे कष्टही वाचतात.