विजेच्या इस्त्रीवर लाखेची मोहर

महाराजांना टेबलफॅनचा झटका बसला आणि शिक्षा सगळ्या सावरखेड संस्थानाला झाली.

हुकूम निघाला. पंखा असो, शेगडी असो, इस्त्री असो, घराघरातली विजेची प्रत्येक वस्तू दर महिन्याला तपासली जाईल. निर्धोक असेल तर तिच्यावर लाखेची मोहर लागेल, आणि फी वस्तूचा मालक भरेल. तपासनीस म्हणून दिवाणांचे मेहुणे विश्वंभरपंत नेमले गेले. पंतांना विजेतलं एवढंच कळायचं की बटण भिंतीवर असतं. पण वय साठ, मिशा पांढऱ्या आणि बहीण दिवाणांच्या घरात. मोठं व्हायला आपल्याकडे एवढं पुरतं.

बाजारपेठेत धोंडबा परटाचं इस्त्रीचं दुकान होतं. दुकान खरं चालवायची त्याची मुलगी सगुणा. "का?" असं फार विचारते म्हणून मास्तरांनी तिला वर्गाबाहेर काढलं होतं, आणि ती परत आत गेली नव्हती.

पंत आले. पायरीवरूनच इस्त्री बघितली, मोहर लावली, फी घेतली, गेले.

दुपारी इस्त्री तापली आणि मोहर वितळून मामलेदारांच्या सदऱ्यावर सांडली. मामलेदारांनी सदऱ्याची भरपाई घेतली. चार दिवसांनी मोहर बघायला पंत पुन्हा हजर.

"मोहर कुठे आहे?"

"वितळली," सगुणा म्हणाली. "इस्त्री आहे ती, पंत. तापते."

"म्हणजे मोहर नाही. म्हणजे तपासणी झालेली नाही. फी काढा."

"तुम्हीच तर तपासलीत."

"पुरावा काय?"

धोंडबाने हात जोडले. "सगुणे, गप. मोठी माणसं आहेत."

"आबा, मोठी आहेत ते दिसतंय. माणसं आहेत का ते विचारतेय."

फी पुन्हा भरली. मोहर पुन्हा वितळली. तिसऱ्या खेपेला गल्ला रिकामा होता, तेव्हा पंतांच्या शिपायाने इस्त्री उचलली आणि थेट राजवाड्यात नेली. इस्त्रीमागोमाग सगुणाही गेली.

दरबार भरला होता. भरला होता म्हणजे म्हातारे रांगेत बसले होते. अर्ध्यांना ऐकू येत नव्हतं, उरलेल्यांना ऐकायचं नव्हतं. महाराज मात्र जागे होते.

"काय गं? फी नाही म्हणतेस, आणि इस्त्री मागतेस?"

"महाराज, तपासणी झाली तर फी देईन. हे नुसती लाख लावतात, इस्त्री तापली की ती वितळून मामलेदारांच्या सदऱ्यावर सांडते, आणि भरपाई आम्ही भरतो. ह्यांना माझ्या इस्त्रीची वायर कुठल्या बाजूला आहे, तेवढं विचारा."

पंत खाकरले. "मागच्या."

"मागे नाही, बाजूला आहे."

"मागची बाजू," पंत म्हणाले.

दिवाणांनी मान डोलावली. त्यांना वाटलं, मुद्दा जिंकला.

महाराज हट्टी होते. "हुकूम मागे घ्यायचा नसतो. झटका मला बसलाय, तुला नाही. तपासणी होणारच. पण तुला एवढं कळत असेल तर तूच सांग कशी करायची. तपासणी खरी झाली पाहिजे. लोकांकडून पैसा घ्यायचा नाही, आणि तिजोरीतून जादा एक पैसा जाता कामा नये. माझा फराळ होईपर्यंत उपाय सांग. नाहीतर इस्त्री जप्त आणि दुकानही बंद."

म्हातारे हसले. खऱ्या तपासणीला खर्च येतोच, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं, कारण खोट्या तपासणीलाही येत होता.

फराळाचं ताट आलं. त्यामागून राजवाड्यातला नोकर भिकोबा आला. त्याने ताटातलं थालीपीठ मोडलं, लोण्यात बुडवलं, खाल्लं आणि उभा राहिला. थोडा वेळ सगळा दरबार त्याच्या तोंडाकडे बघत होता. त्याला ढेकर आली. मग महाराजांनी ताट पुढे ओढलं.

"हे काय करतात?" सगुणाने विचारलं.

"माझ्या ताटातलं आधी तो खातो. विष असलं तर कळावं म्हणून."

"मग ताटामागे फी किती घेतात?"

"फी कसली? पगार आहे त्याला."

"आणि ताटावर मोहर लावून देतात?"

"मोहर काय खायचीय मला?" महाराज वैतागले.

"तसंच पंतांना ठेवा, महाराज. पगार त्यांना मिळतोच. जी वस्तू ते पास करतील ती आधी त्यांनी स्वतः हातात धरायची. चालू करून, अनवाणी, ओल्या फरशीवर. लाखही नको, फीही नको."

महाराजांचा घास हातातच राहिला. "सकाळी माझ्या विजेच्या किटलीला मोहर लावलीत ना, पंत? आणा रे ती."

किटली आली. फरशीवर पाणी ओतलं गेलं. दरबारात पंत अनवाणीच होते.

"धरा."

"महाराज, आज माझी चतुर्थी. चहा चालत नाही."

"पिऊ नका. धरा."

"मला आधी दोन दिवस द्यावेत. तळ उघडून, वायर बघून..."

"आणि सकाळी काय बघितलंत?"

"मोहर सरळ बसली का ते," पंत म्हणाले. भीतीने माणूस कधीकधी खरं बोलून जातो.

दिवाण ताडकन उठले. "महाराज, ह्या पोरीच्या नादी लागू नये! एखाद्या दिवशी तपासनीस झटका लागून गेला तर?"

"तर वस्तू नापास," सगुणा म्हणाली.

महाराज हसायला लागले ते थांबेचनात. थालीपीठ घशात अडकलं, भिकोबाने पाठ थोपटली. ऐकू न येणारे म्हातारेही हसले, महाराज हसतायत एवढं त्यांना दिसत होतं.

डोळे पुसून महाराजांनी हुकूम बदलला. फी बंद. घेतलेली फी आणि मामलेदारांच्या सदऱ्याची भरपाई पंतांच्या पगारातून परत. सगुणाची इस्त्री लगेच हवाली, आणि राजवाड्यातले सगळे कपडे आजपासून तिच्या दुकानात.

"आणि ही किटली तुला बक्षीस," महाराज म्हणाले.

सगुणाने इस्त्री उचलली. किटलीला हात लावला नाही.

"घेते की, महाराज. पण पंतांच्या हातून घेईन. चालू करून द्या म्हणावं."