तीळ कोणत्या गालावर?

राजा रणधवलाच्या गालावरचा तीळ सरकला आणि ठसेआळीचा फेरा अडला.

तीळ खऱ्या गालावरचा नव्हे, चित्रातल्या गालावरचा. पण एवढा फरक राजाला सांगणार कोण?

ठसेआळी म्हणजे लाकडावर चित्र कोरायचं, त्याला काजळाची शाई लावायची आणि कागदावर छापायचं, असा धंदा करणाऱ्यांची आळी. दिवाळीआधी तिथे फेरा व्हायचा. आळीत जितकी घरं तितक्या प्रती प्रत्येकाने स्वतःच्या हाताने छापायच्या आणि आळीतल्याच कोरणाऱ्या हौसाच्या ओसरीवर आणून द्यायच्या. हौसा त्यांचे गठ्ठे लावायची. गठ्ठ्यात प्रत्येकाचं एकेक चित्र, आणि घराला एकेक गठ्ठा. वर्षभर एकमेकांच्या नावाने बोटं मोडणारी माणसंसुद्धा त्या दिवशी एकमेकांची चित्रं भिंतीवर लावायची. हौसाची जीभ तिच्या पटाशीहून धारदार, म्हणून हे काम तिच्याकडे. उशीर करणाऱ्याची ती अशी हजेरी घ्यायची की पुढच्या वर्षी तो सगळ्यांच्या आधी दारात उभा.

यंदा राजाला शिकारीचा कंटाळा आला आणि कोरण्याचं वेड लागलं. गेल्या साली बासरीचं होतं, तेव्हा सगळा राजवाडा कानात कापूस घालून हिंडत होता. आरशासमोर बसून राजाने स्वतःचाच चेहरा लाकडावर कोरला. दुसरं कोण कोरण्याजोगं होतं म्हणा! उजव्या गालावरचा तीळ तर फारच निगुतीने कोरला, कारण त्या तिळातच चक्रवर्ती होण्याचा योग आहे, असं राजज्योतिष्याने सांगून ठेवलं होतं. मग त्याने एक प्रत छापली. बघतो तर काय, आरशात उजवीकडे दिसणारा तीळ कागदावर डावीकडे!

कागद चुकला, असं राजाने जाहीर केलं. दरबाराने माना डोलावल्या. दिवाण विसाजीपंतांनी तर कागदात फितुरीचा वास येतो म्हणून तो हुंगूनही दाखवला. कागद ठसेआळीतून आला होता. झालं, फेऱ्याचे सगळे गठ्ठे जप्त होऊन राजवाड्यात गेले आणि हौसाला हुकूम सुटला. राजाच्या ठशाला पटाशी लावायची नाही, कागदावर खाडाखोड करायची नाही, तरी उद्या भरदरबारात त्याच चित्रातला तीळ जागेवर दिसला पाहिजे. नाहीतर गठ्ठे मुदपाकखान्याच्या चुलीत आणि फेरा कायमचा बंद.

हौसा हादरली. त्या गठ्ठ्यांत म्हाताऱ्या धोंडजीचा मोर होता. धोंडजीची नजर जात चालली होती आणि तो मोर त्याने बोटांनी चाचपत कोरला होता. पुढच्या फेऱ्याला त्याच्याकडून काही येईल याची खात्री नव्हती. त्या मोरावर राजाची खीर शिजणार, या विचाराने तिला रडू यायच्या आधी संताप आला.

दुसऱ्या दिवशी तिने दरबारात फक्त एक वस्तू मागितली, राजाने ज्यात पाहून चित्र कोरलं तो आरसा. दोघा शिपायांनी तो उचलून आणला. हौसाने राजाला त्याच्यासमोर बसवलं आणि चित्र छातीशी, आरशाकडे तोंड करून धरायला सांगितलं.

"बघा सरकार. तुमचा तीळ आन् चित्रातला तीळ, एका अंगाला हाएत का न्हाईत?"

राजाने पाहिलं. आरशात दोन्ही तीळ उजवीकडेच होते. राजाने चित्र उलटसुलट करून पाहिलं, डोळे चोळले आणि ते पुन्हा छातीशी धरलं. तीळ जागेवरच!

"म्हणजे आरशात बरोबर आणि हातात धरलं की चूक?" राजा कावला. "मग खोटं कोण, आरसा की चित्र?"

"खोटं कुनीच न्हाई. सरकारांनी सोताला आरशातच बघितलंय. आमी सरकारांना समोरनं बघतो. चित्रात सरकार आमाला दिसत्यात तसे आल्यात. इस्वास नसंल तर तिळावर बोट ठेवा आन् इचारा दिवाणजींना, त्यास्नी ते कंच्या हाताला दिसतंय."

राजाने आरशाकडे पाठ फिरवली आणि उजव्या गालावर बोट ठेवलं. विसाजीपंतांनी एकदा राजाकडे पाहिलं, एकदा चित्राकडे आणि शेवटी जमिनीकडे.

"डाव्या हाताला, महाराज," ते पुटपुटले. "चित्रात आहे तसंच."

"रोज माझ्यासमोर बसता, मग काल मान कशाला डोलावलीत?"

विसाजीपंतांनी पुन्हा मान डोलावली. त्यांचं पाहून बाकीच्यांनीही डोलावली.

"त्यांच्यावर रागवू नगा, सरकार," हौसा म्हणाली. "ह्यो एक आरसा भिंतीवरचा. बाकीचे दरबारात बसल्यात. तुमी मान हलवली की त्यांची हलती. त्यात बघून तीळ खरा कुठं हाय ते कसं कळनार?"

राजाने एकेका सरदाराकडे पाहिलं. तो गंभीर, तर तेही गंभीर. त्याने मुद्दाम भुवई उंचावली, तर सगळ्यांच्या भुवया वर! राजाला हसू आवरेना. तो पोट धरधरून हसला, इतका की सिंहासनावरची उशी खाली पडली. दरबारही लगेच हसू लागला, आणि ते पाहून राजाला आणखीच हसू फुटलं.

"गठ्ठे सोडा!" तो डोळे पुसत म्हणाला. "आणि हौसा, हा आरसा तू घेऊन जा. माझ्याकडे पुष्कळ आहेत."

शिपाई आरसा उचलू लागले, पण हौसा जागची हलेना.

"आता काय राहिलं?" राजाने विचारलं.

"ठसा कोरला म्हंजी सरकारबी फेऱ्यात आले, पन त्यांची एकच प्रत आलीया. आळीत घरं लई हाएत. सोताच्या हातानं छापायच्या, ह्यो फेऱ्याचा नेम हाय, आन् सांजंच्या आत न्हाई आल्या तर सरकारांचा गठ्ठा मी धोंडजीला देनार."

राजाने बाह्या मागे सारल्या, ठसा मागवला आणि काजळाची वाटी विसाजीपंतांच्या पुढ्यात ठेवली.

"शाई घोटा, दिवाणजी," तो म्हणाला. "मान बरीच हलली, आता हात हलू द्या."