राजकन्येची काळी हळद
एका राज्यात, आता नकाशात शोधाल तर सापडायचं नाही, राजकन्या इंदुलेखेचं लग्न ठरलं आणि साऱ्यांचा जीव मेटाकुटीला आला. झालं असं, की तिच्या बापाने, राजाने, दान मागणाऱ्या एका मांत्रिकाला तोंडावर 'हो' म्हटलं आणि मनात मात्र 'नाही' ठेवलं. मांत्रिक खवळला. "तुझ्या लेकीची हळद काळी पडेल. तिसऱ्यांदा पडली, की ती दगड होईल!"

त्या राज्याची रीत अशी, की नवऱ्याने देवघरात एकट्याने हळद लावून घ्यायची आणि उरलेली, उष्टी हळद नवरीला पाठवायची. नवरा होता राजपुत्र जयपाल. त्याने नागाच्या डोंगरावरून हळद आणली. ती राजकन्येच्या गालावर काळी पडली. मग तळ्याच्या तळातून आणली. तीही काळी. तिसऱ्यांदा राक्षसिणीच्या जात्याखालून आणली, तेव्हा बिचाऱ्याला धड उभंही राहवेना. लोक म्हणाले, शाप नवरीला, नवऱ्याने तरी काय करावं!

तो वाटी घेऊन देवघराकडे निघाला, तोच खांबावरची साळुंकी बोलली. पक्षी तेव्हा बोलत, त्यात काय एवढं!

"राजपुत्रा, खरं सांग. हळद आधी तुझ्याच अंगावर काळी पडते. तू ती पुसतोस आणि उरलेली तिला पाठवतोस."

राजकन्या दारातच उभी होती. "खरं आहे हे?"

जयपाल मटकन खाली बसला. "खरं आहे. आनंदात आहात ना, सगळे विचारतात. मी हो म्हणतो. राजकन्ये, डोंगर पालथे घालता घालता तुम्ही मला हव्या आहात की नाही, हेच कळेनासं झालंय. फार दमलो."

राजकन्येला राग आला, रडू आलं, आणि खरं सांगायचं तर हायसंही वाटलं.

"मीही हो म्हणत होते. तुम्ही राक्षसिणीकडे गेलात, तेव्हा परत न आलात तर सुटेन, असं मनात आलं माझ्या. मग स्वतःचीच लाज वाटली."

त्याने कपाळाला हळद लावली. पिवळी धम्मक! तिने त्याच वाटीतली लावली. तीही पिवळी. शाप सुटला. राजा धावत मांत्रिकाच्या पाया पडायला गेला, ढोल वाजले.

"मुहूर्त टळतोय!" पुरोहित ओरडले.

"टळू दे," राजकन्या म्हणाली. "यांना आधी झोपू द्या."

जयपाल पोटभर झोपून उठला. ती उशाशीच बसली होती. "लग्न करायचं?"

"करायचं. पण भीती वाटते."

"मलाही."

मग दोघं भीत भीतच मांडवात गेले.